देवाचा दरबार आणि तीन शब्द

२९ नोव्हेंबर १९७० हा दिवस नागपूरच्या इतिहासात फारसा कोणाच्या ध्यानी राहिला नसला, तरी भारतातील ख्रिस्ती समाजाच्या दृष्टीने तो मोलाचा आहे. त्या दिवशी येथील ऑल सेंट्स कॅथेड्रलमध्ये सहा वेगवेगळ्या ख्रिस्ती पंथांनी आपापले वेगळेपण बाजूला ठेवले आणि उत्तर भारताची एकच मंडळी स्थापन केली. या ऐक्याच्या वाटाघाटी १९२९ पासून चालल्या होत्या; म्हणजे चार दशके चर्चा, मसुदे आणि शंकासमाधान यांत गेली. इंग्लंड, स्कॉटलंड आणि अमेरिका येथील जुन्या वादांतून जन्मलेले पंथभेद भारतीय ख्रिस्ती माणसाने पिढ्यान्‌पिढ्या का वाहावेत, हा प्रश्न त्यामागे होता. या नव्या मंडळीने आपल्या बोधचिन्हावर तीन शब्द घेतले : ऐक्य, साक्ष आणि सेवा.

कोणत्याही संस्थेचे ब्रीद सुंदरच असते. अडचण असते ती ब्रीदाचा अर्थ ठरविण्याची. ऐक्य कोणाचे कोणाशी? साक्ष कोणत्या भाषेत द्यावयाची आणि कोणत्या वेशात? सेवा कोणाच्या पैशावर आणि कोणत्या हेतूने? हे प्रश्न घटनेच्या कलमांतून सुटत नाहीत. ते सोडविण्यासाठी कोणातरी माणसाचे आयुष्य पणाला लागावे लागते. असे एक आयुष्य या घटनेच्या अर्धशतक आधीच महाराष्ट्रात जगले गेले होते आणि त्याच्या निर्णायक वळणाची सुरुवात याच नागपूर शहरातून झाली होती. ते आयुष्य म्हणजे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांचे.

मराठी वाचक टिळकांना फुलामुलांचे कवी म्हणून ओळखतो. लक्ष्मीबाईंच्या ‘स्मृतिचित्रे’मुळे तो त्यांना एक लहरी, उदार आणि विलक्षण पती म्हणूनही ओळखतो. परंतु ख्रिस्ती मंडळी कशी असावी याचा इतका मूलगामी विचार करणारा आणि त्यासाठी मोल देणारा दुसरा मराठी माणूस क्वचितच झाला असेल. या अंगाने त्यांची ओळख अद्याप पुरेशी झालेली नाही.

कोकणापासून नागपूरपर्यंत

टिळकांचा जन्म ६ डिसेंबर १८६१ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील करजगाव येथे झाला. वडील सरकारी नोकरीत आणि स्वभावाने कठोर, तर आई जानकीबाई भाविक आणि काव्याची आवड असलेली. ती लवकर गेली, आणि तिच्या मृत्यूनंतर पोरवयाच्या नारायणाने घर सोडून नाशिकची वाट धरली. तेथे गणेशशास्त्री लेले यांच्याकडे त्यांचे संस्कृताचे अध्ययन झाले. शाळेतील शिक्षण अपुरेच राहिले. परंतु कीर्तन, पुराण आणि संतवाङ्मय यांनी त्यांचे मन घडविले, वक्तृत्व आणि कविता ही दोन्ही त्यांना साधली. १८८० च्या सुमारास नाशिकजवळच्या जलालपूर येथील गोखल्यांच्या मनकर्णिका या अकरा वर्षांच्या मुलीशी त्यांचा विवाह झाला. हीच पुढे लक्ष्मीबाई झाली. तिच्या माहेरी सोवळ्याचे इतके स्तोम होते, की बाजारातून आलेली प्रत्येक वस्तू धुऊन घेतल्याखेरीज घरात येत नसे. ही गोष्ट ध्यानात ठेवावयास हवी, कारण पुढे जे घडले त्याचे वजन त्यावाचून कळणार नाही.

टिळकांचे पाय एका जागी ठरत नसत. नोकऱ्या धरणे आणि सोडणे, गावे बदलणे, हा त्यांचा क्रम होता. या भ्रमंतीत ते नागपुरास आले. येथील धनिक आणि विद्याप्रेमी आप्पासाहेब बुटी यांच्या आश्रयाने त्यांनी संस्कृत ग्रंथांचे काम केले. हिंदू धर्माचा अभिमान आणि त्यातील जातिभेदाविषयीची चीड ही दोन्ही त्यांच्या ठायी एकाच वेळी वसत होती. जन्माने माणसाची किंमत ठरविणारा समाज राष्ट्र म्हणून उभा राहू शकणार नाही, असे त्यांना प्रामाणिकपणे वाटत होते. एखादा नवा धर्मच स्थापावा, इथपर्यंत त्यांच्या मनाने मजल मारली होती.

नागपूरला तेव्हा ख्रिस्ती धर्म अपरिचित नव्हता. स्कॉटलंडच्या फ्री चर्चचे स्टीफन हिस्लॉप १८४५ मध्ये येथे आले. त्यांनी शाळा काढल्या, विदर्भाच्या भूगर्भाचा आणि गोंड समाजाचा अभ्यास केला. १८६३ मध्ये बोरीजवळ पूर आलेला ओढा ओलांडताना ते बुडाले. त्यांच्या नावाचे महाविद्यालय १८८३ मध्ये सुरू झाले. म्हणजे टिळक नागपुरात आले तेव्हा मिशनच्या शाळा, प्रार्थनामंदिर आणि महाविद्यालय ही सर्व येथे होती. परंतु टिळकांना ख्रिस्त भेटला तो यांपैकी कोठेही नव्हे. तो भेटला रेल्वेच्या डब्यात.

१८९३ मध्ये राजनांदगाव संस्थानातील नोकरीच्या निमित्ताने टिळक नागपूरहून गाडीत बसले. डब्यात एक युरोपीय गृहस्थ होता. त्याने या तरुण ब्राह्मणाशी सौजन्याने संभाषण सुरू केले आणि बोलणे संस्कृत काव्यावर गेले. राज्यकर्त्या वर्गातील माणसाकडून अशी वागणूक हाच त्या काळी एक अनुभव होता. उतरण्यापूर्वी त्या गृहस्थाने टिळकांना नव्या कराराची प्रत दिली आणि दोन वर्षांच्या आत आपण ख्रिस्ती व्हाल, असे भाकीत केले. त्या माणसाचे नाव टिळकांना अखेरपर्यंत कळले नाही. पुस्तक वाचण्यास त्यांनी काहीशा अनिच्छेनेच सुरुवात केली. परंतु डोंगरावरील प्रवचनापाशी ते थांबले. शत्रूवर प्रेम, दीनांचे धन्यत्व, आणि देवाला पिता मानल्यावर आपोआप येणारे माणसामाणसांतील बंधुत्व यांत, आपण ज्या धर्माच्या शोधात आहोत त्याचे सार आहे, असा त्यांचा निश्चय झाला.

धर्मांतराची किंमत

१० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत अमेरिकन मराठी मिशनच्या मंदिरात टिळकांचा बाप्तिस्मा झाला. तो विदेशी मिशनऱ्याच्या हातून न घेता एतद्देशीय पाळकाच्या हातून घ्यावयाचा, असा त्यांचा आग्रह होता आणि त्याप्रमाणे तुकाराम नथोजी यांनी तो दिला. वरकरणी ही लहानशी बाब वाटेल. परंतु टिळकांचा पुढील सारा मार्ग तीत बीजरूपाने आहे. ख्रिस्ताचा शिष्य होताना आपण भारतीयत्वाचा त्याग करीत नाही, हे त्यांना पहिल्याच पावलाला सांगावयाचे होते.

या पावलाची किंमत मोठी होती. नोकरी गेली, आप्तस्वकीय तुटले, पत्नी आणि लहानगा मुलगा दत्तू दुरावले. लक्ष्मीबाईंना ही वार्ता म्हणजे जिवंतपणी आलेले वैधव्यच वाटले. चार-पाच वर्षे पतिपत्नी एकमेकांपासून दूर राहिली. त्या काळात टिळकांनी ना दुसरा विवाह केला, ना पत्नीवर धर्म लादण्याचा प्रयत्न केला. पुढे लक्ष्मीबाई नगरला परत आल्या त्या स्वतःच्या अटींवर. आपला स्वयंपाक वेगळा आणि आपले पाणी वेगळे, अशा व्रतस्थ वृत्तीने त्या राहिल्या. एकाच संसारात एक ख्रिस्ती आणि एक सोवळी ब्राह्मण स्त्री अशी ही व्यवस्था चालली, आणि टिळकांनी ती चालू दिली.

बदल झाला तो लक्ष्मीबाईंच्या स्वतःच्या विचाराने. राहुरीस असताना, जात ही देवाने निर्मिली की माणसाने, हा प्रश्न त्यांनी स्वतःला विचारला. जन्म, मरण आणि देह यांत कोठेही भेद नसताना स्पर्शात तो कोठून आला, याचे उत्तर त्यांना सापडले नाही. मग त्यांनी कोणाच्याही हातचे अन्नपाणी घेण्यास प्रारंभ केला. बाप्तिस्मा त्यानंतर, १९०० मध्ये झाला. हा क्रम अतिशय अर्थपूर्ण आहे. आधी भेद गेला, मग दीक्षा आली. ज्या मंडळीत दीक्षा आधी होते आणि भेद मात्र पिढ्यान्‌पिढ्या राहतो, तिने या क्रमाकडे निरखून पाहावे.

साक्षीची भाषा

टिळकांनी अमेरिकन मराठी मिशनमध्ये सुमारे दोन तपे काम केले. अहमदनगर (आजचे अहिल्यानगर) येथे धर्मशिक्षणाच्या शाळेत त्यांनी शिकविले, खेड्यापाड्यांतून उपदेश केला, ‘ज्ञानोदय’ची मराठी बाजू सांभाळली. या काळात त्यांचे सर्वांत टिकाऊ कार्य झाले ते उपासनेच्या भाषेत. तोवर मराठी ख्रिस्ती माणूस देवळात बहुधा इंग्रजी चालींवर बसविलेली, ओढूनताणून भाषांतरित केलेली गीते म्हणत असे. टिळकांनी अभंग, ओवी आणि पद यांच्या द्वारे ख्रिस्ताला मराठी घरात आणले. टाळमृदंगाच्या साथीने ख्रिस्ती कीर्तने केली. मराठी प्रॉटेस्टंट मंडळ्यांच्या उपासनेत त्यांची शेकडो गीते रूढ झाली आणि ती आजही गायिली जातात. ‘ख्रिस्तायन’ हे महाकाव्य त्यांच्या हातून अपुरे राहिले. त्याची मोठी पूर्तता लक्ष्मीबाईंनी केली, ही मराठी वाङ्मयातील एक विलक्षण घटना होय.

यामागे केवळ काव्यदृष्टी नव्हती. आपण ख्रिस्तापाशी पोहोचलो ते तुकोबांच्या पुलावरून, अशी टिळकांची श्रद्धा होती. ज्या भूमीने ज्ञानदेव आणि तुकाराम दिले, ती ख्रिस्त येण्यापूर्वी अंधारात होती असे मानणे त्यांना शक्य नव्हते. पूर्वसंचिताचा धिक्कार करून दिलेली साक्ष खोटी ठरते. ज्याला साक्ष द्यावयाची त्याची भाषा, त्याचे दुःख आणि त्याची स्मृती आपली मानावी लागते. मंडळीच्या बोधचिन्हातील दुसऱ्या शब्दाचा टिळकांनी लावलेला अर्थ हा असा होता.

सेवेचा अर्थ त्यांच्या घरात पाहावयास मिळे. दुष्काळाच्या आणि प्लेगच्या दिवसांत निराधार मुले टिळकांच्या घरी येत आणि घरचीच होऊन राहत. घरात पैसा नसे, पण पंगतीला पाने वाढत. हिशेबाचा ताळमेळ लक्ष्मीबाईंना बसवावा लागे. १९०७ च्या जळगाव येथील कविसंमेलनानंतर त्र्यंबक बापूजी ठोमरे, म्हणजे आपले बालकवी, याच घरात राहावयास आले. टिळकांनी त्यांना पुत्रवत् सांभाळले. बालकवी ख्रिस्ती झाले नाहीत आणि त्यांनी व्हावे म्हणून घरातील प्रेमाचे माप कधी कमीजास्त झाले नाही. सेवेच्या पाठीमागे धर्मांतराचा हिशेब असतो, असा आक्षेप घेणाऱ्यांनी हे उदाहरण आठवावे. आणि सेवेच्या पाठीमागे असा हिशेब खरोखरच ठेवणारे कोणी असतील, तर त्यांनीही आठवावे.

दरबाराची कल्पना

टिळकांना खुपत होते ते मंडळीचे परावलंबन. पाळकाचा पगार परदेशातून यावा, निर्णय मिशनच्या सभेत व्हावेत आणि भारतीय ख्रिस्ती माणसाने आश्रिताच्या भूमिकेत राहावे, ही स्थिती त्यांना अपमानास्पद वाटे. मिशनऱ्यांशी त्यांचे वैर नव्हते. त्यांच्यापैकी अनेकांवर त्यांचे प्रेम होते. परंतु आश्रयाने उपकृत झालेला समाज आपल्या देशबांधवांपुढे ताठ मानेने उभा राहू शकत नाही, हे त्यांनी ओळखले होते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची नोकरी आणि तिचे वेतन सोडले, संन्यस्त वृत्ती धारण केली आणि साताऱ्यास ‘देवाचा दरबार’ या बंधुसंघाची उभारणी आरंभिली. तेव्हा त्यांचे वय पंचावन्न वर्षांचे होते आणि प्रकृती ढासळू लागली होती.

या दरबारात बाप्तिस्मा घेतलेले आणि न घेतलेले असे दोन्ही प्रकारचे ख्रिस्तशिष्य एकत्र यावेत, अशी टिळकांची योजना होती. जो ख्रिस्ताला गुरू मानतो आणि त्याच्या मार्गाने चालू पाहतो, तो आपला बंधू, मग त्याचे नाव मंडळीच्या वहीत असो वा नसो. ही कल्पना अनेकांना रुचली नाही. त्यांच्या आक्षेपात तथ्य नव्हते असेही म्हणता येत नाही. बाप्तिस्मा हा ख्रिस्ती मंडळीचा दरवाजा आहे. तोच ऐच्छिक केला तर मंडळीला आकार उरणार नाही, आणि समाजाचा रोष सोसून ज्यांनी उघडपणे दीक्षा घेतली त्यांच्या त्यागाचे मोल कमी होईल, ही भीती रास्त होती. टिळकांनी स्वतः ती किंमत मोजली होती, म्हणून त्यांच्यावर सवंगपणाचा आरोप कोणी करू शकत नव्हते. तथापि प्रश्न राहिलाच, आणि दरबाराने तो सोडविण्यापूर्वीच काळाने घाला घातला. ९ मे १९१९ रोजी मुंबईत टिळकांचे निधन झाले. त्यांच्या इच्छेप्रमाणे त्यांच्या देहाचे दहन करण्यात आले. मृत्यूनंतरही आपण या भूमीच्या रीतीने जावे, हाच त्यामागील भाव होता.

दरबार त्यांच्यामागे टिकला नाही. यात टिळकांच्या स्वभावाचाही दोष होता. संस्था उभारण्यास लागणारी चिकाटी, हिशेब आणि सहकाऱ्यांना सांभाळून घेण्याची शांत वृत्ती त्यांच्यापाशी नव्हती. ते तापट होते, मनास येईल तेव्हा घर सोडून जात, आणि त्यांच्या औदार्याचा भार बहुतेक वेळा लक्ष्मीबाईंच्या खांद्यावर पडे. लक्ष्मीबाईंनी हे सारे प्रेमाने, पण काही न लपविता लिहून ठेवले, म्हणूनच टिळक आपल्याला माणूस म्हणून दिसतात. त्यांना संत ठरविण्याची गरज नाही.

नागपूरचा प्रश्न

टिळकांच्या निधनानंतर सदतीस वर्षांनी, १९५६ मध्ये, नागपुरात दोन घटना घडल्या. तत्कालीन मध्यप्रदेश सरकारने न्यायमूर्ती भवानीशंकर नियोगी यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या समितीचा मिशनऱ्यांच्या कार्याविषयीचा अहवाल त्या वर्षी प्रसिद्ध झाला. परकीय पैसा आणि धर्मांतर यांविषयी त्यात गंभीर शंका व्यक्त झाल्या होत्या. अहवाल एकांगी आहे असे ख्रिस्ती समाजाने म्हटले आणि त्यावरील वाद दीर्घकाळ चालला. त्याच वर्षी १४ ऑक्टोबरला डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच शहरात लक्षावधी अनुयायांसह बौद्ध धम्माची दीक्षा घेतली. जन्माने चिकटविलेल्या हीनत्वापासून मुक्ती मिळविण्यासाठी माणसे धर्म बदलतात, हे सत्य त्या दिवशी साऱ्या देशाने पाहिले.

या दोन्ही घटनांच्या प्रकाशात टिळकांकडे पाहिले की त्यांचे द्रष्टेपण कळते. परकीय पैशाचा आक्षेप त्यांनी अहवालाच्या चार दशके आधी स्वतःवर घेतला आणि वेतन सोडून त्याला उत्तर दिले. राष्ट्रनिष्ठेचा आक्षेप त्यांच्या देशभक्तिपर कवितेपुढे उभा राहू शकत नाही. आणि जातीचा प्रश्न तर त्यांच्या धर्मांतराचा गाभाच होता. परंतु येथेच मंडळीने स्वतःकडे वळून पाहिले पाहिजे. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशामुळे अनुसूचित जातींतून ख्रिस्ती झालेल्यांना त्या सवलती मिळत नाहीत. शिखांना १९५६ मध्ये आणि बौद्धांना १९९० मध्ये त्या मिळाल्या, ख्रिस्ती समाज मात्र बाहेरच राहिला. हा अन्याय आहे, असे ख्रिस्ती नेते सांगतात आणि त्यात बळ आहे. तथापि या मागणीतच एक कबुली दडलेली आहे. धर्म बदलला तरी जात सुटली नाही, ही ती कबुली. समाजाने ती सोडू दिली नाही हे खरे, पण मंडळीने आपल्या आतील सोयरिकीत, बैठकीत आणि पदवाटपात ती किती सोडली, याचे उत्तर सरकारकडे नाही, तिच्याचपाशी आहे.

सहा पंथांचे ऐक्य नागपुरात झाले, हे मोठेच कार्य होय. टिळक ज्या नगरच्या मंडळीत वाढले, तिची परंपराही त्या ऐक्यात येऊन मिळाली. परंतु पंथांचे ऐक्य करारावर सह्या होऊन साधते, माणसांचे ऐक्य पंगतीला साधते. लक्ष्मीबाईंनी परक्या हातून घेतलेला पाण्याचा पेला हा त्या ऐक्याचा खरा संस्कार होता. त्याला ना सभा लागली, ना ठराव.

आणि हा धडा एकट्या ख्रिस्ती समाजासाठी नाही. आपल्याकडे प्रत्येक धर्मसंस्था आणि प्रत्येक सुधारणासंस्था सुरुवातीला एखाद्या माणसाच्या तळमळीतून जन्मते. पुढे तिला इमारत येते, घटना येते, मालमत्ता येते आणि मग मालमत्तेचे वाद येतात. ब्रीद तेवढे कागदाच्या माथ्यावर छापलेले राहते. त्या ब्रीदात पुन्हा प्राण भरावयाचा असेल, तर ज्याने त्यासाठी काही गमावले त्या माणसाकडे परत जावे लागते.

ख्रिस्ती शिष्याच्या हाती पुस्तक देणारा तो अनामिक प्रवासी कोण होता, हे टिळकांना कधीच कळले नाही. त्याने ना त्यांचे नाव वहीत लिहून घेतले, ना त्यांचा पुढील हिशेब ठेवला. तो आदराने बोलला, आपल्याजवळ होते ते दिले आणि निघून गेला. ऐक्य, साक्ष आणि सेवा हे तिन्ही शब्द नागपूरहून सुटलेल्या त्या गाडीच्या डब्यात हजर होते. कॅथेड्रलमध्ये ते पोहोचले त्याला त्यानंतर सत्याहत्तर वर्षे लागली. तेथून ते घराघरांत पोहोचण्यास आणखी किती वर्षे लागावयाची, हे मंडळीच्या प्रत्येक सभासदाने स्वतःस विचारावयाचे आहे.